रोटीच्या वेष्टनातली नसीहत

रोजेदार घरात असरच्या नमाजनंतर आवाज चढू लागतात. अम्मीचा घसा कोरडा, ओट्यावर इफ्तारीचा पसारा आणि त्यातच मुलांची भांडणं. रमजान हा सब्राचा महिना, पण नेमका याच वेळी मुलांवर हात उगारला जातो.

पालकांना प्रशिक्षण देणारे कार्यक्रम जगात पुष्कळ आहेत. त्यातले बरेच पाश्चात्त्य देशांत तयार झाले. त्यांचं सांगणं साधं असतं: मुलांना रोज थोडा वेळ द्या, चांगल्या वागण्याचं कौतुक करा, नियम मोजके ठेवा, मारू नका. अडचण येते ती हे दुसऱ्या समाजात नेताना. नुसतं भाषांतर पुरत नाही. जिथे दादी, फुफी, चाची सगळ्याच मुलांना वळण लावतात, तिथे एकट्या आईला वर्गात बसवून काय साधणार?

2011 पासून युद्धात होरपळलेल्या सीरियात तर वर्ग भरवणंच कठीण होतं. मँचेस्टर विद्यापीठाच्या आला अल-खानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी तिथल्या आईबापांनाच विचारलं. दचकून उठणाऱ्या, अंथरूण ओलं करणाऱ्या, पदर न सोडणाऱ्या मुलांशी वागायचं कसं, हे त्यांना हवं होतं. मदतीची रोटी मात्र घरोघरी पोहोचत होती. म्हणून पालकांसाठीचं पत्रक रोटीच्या वेष्टनातूनच पाठवलं गेलं. अशी सुमारे 3000 पत्रकं गेली, सोबत अभिप्रायाचा कागद. जीव मुठीत धरून जगणाऱ्या त्या आईबापांकडून निम्म्याहून अधिक कागद भरून परत आले.

मुलांना जवळ घेणं मुस्लिम घरांना परकं वाटण्याचं कारण नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नातू हसन यांचा मुका घेतला, तेव्हा बनू तमीमचा एक सरदार म्हणाला की, त्याला दहा मुलं असून त्याने एकाचाही कधी मुका घेतला नाही. जो रहम करत नाही त्याच्यावर रहम केला जात नाही, असं प्रेषितांनी त्याला सुनावलं. ही हदीस दादीलाही ठाऊक असते, म्हणून ती दादीलाही पटते.

आपल्याकडे सहर-इफ्तारच्या वेळांचं कार्ड घराघरांत भिंतीवर लागतं. दिवसातून दोनदा सगळं घर ते पाहतं. त्यावर दुकानाच्या जाहिरातीशेजारी मुलांसाठी चार ओळी सहज मावतील.