विश्लेषण : कॉलेज बंद, लॅबला कुलूप, मग कोरोनात इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट झाले कसे?

काँक्रीटचा क्यूब भरला की त्याची ताकद साधारण दोनदा तपासतात, 7 व्या आणि 28 व्या दिवशी. 2020 मध्ये 1 मार्चला भरलेल्या क्यूबची दुसरी तपासणी 29 मार्चला येणार होती. पण महाराष्ट्रातली कॉलेजं मार्चच्या मध्यालाच बंद झाली आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. क्यूब क्युअरिंग टँकमध्ये, लॅबला कुलूप आणि ग्रुपमधला एक जण मंगळवेढ्यात, तर दुसरा करमाळ्यात. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अशा वेळी पूर्ण कसा करायचा?

सोलापुरातलं वालचंद, ऑर्किड, सिंहगड असो की पंढरपूरचं स्वेरी, हा प्रश्न सगळ्याच कॉलेजांपुढे होता. लेक्चर झूम किंवा गुगल मीटवर गेलं. प्रोजेक्ट मात्र असा उचलून स्क्रीनवर ठेवता येत नव्हता.

नियम काय होता?

यूजीसीने 29 एप्रिल 2020 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रयोगशाळेतल्या किंवा फील्डवरच्या प्रोजेक्टऐवजी उपलब्ध माहितीवर आधारित किंवा सॉफ्टवेअरवर चालणारे प्रोजेक्ट देता येतील, तोंडी परीक्षा स्काइपसारख्या ॲपवरून घेता येईल, असं त्यात होतं. त्या परिस्थितीत दुसरा मार्गही नव्हता. पण याचा अर्थ असा की ‘बनवून दाखवा’ची जागा ‘लिहून दाखवा’ने घेतली.

हे किती मोठं आहे? एआयसीटीईच्या 2018 च्या मॉडेल अभ्यासक्रमात बीटेकच्या 160 पैकी 15 क्रेडिट प्रोजेक्ट, सेमिनार आणि इंटर्नशिपला आहेत. आकडा लहान वाटतो, पण नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेकदा यावरच येतो.

सिम्युलेटरवर काय जमलं?

बरंच काही. टिंकरकॅड ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, त्यावर आर्डुइनोचं सर्किट जोडून कोडही चालवता येतो. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखालच्या व्हर्च्युअल लॅब्ज हा केंद्राचा प्रकल्प कोरोनाच्या कितीतरी आधीपासून होता. त्याची खरी आठवण लॉकडाऊनमध्ये झाली. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र रोबोटिक्स स्पर्धेतही 2020-21 मध्ये सिम्युलेटरवर भर होता.

कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांचं त्यामुळे फारसं अडलं नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवाल्यांचं अडलं. त्यातही घरी लॅपटॉप नसेल तर संपलंच. मोबाइलवर लेक्चर ऐकता येतं, थ्रीडी मॉडेलिंगचं जड सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही.

मग सुटलं काय?

एक साधं उदाहरण घ्या. छोटी रोबो-गाडी आहे, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, आर्डुइनो आणि दोन मोटर. सिम्युलेटरमध्ये ‘रन’ दाबलं की गाडी पळते. टेबलावर तीच गाडी सुरू होते, थबकते, परत सुरू होते. कोड तपासा, बरोबर आहे. वायरिंग तपासा, तेही बरोबर.

दोष बॅटरीत असतो. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते. समजा तो 1 अँपिअर आहे आणि बॅटरीचा अंतर्गत रोध 2 ओहम. मग 2 व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात, बाहेर 7 उरतात. आर्डुइनोच्या रेग्युलेटरला नीट चालायला साधारण तेवढे लागतातच. बॅटरी थोडी जुनी असेल तर व्होल्टेज त्याखाली जातं, बोर्ड रीसेट होतो, मोटर थांबते, व्होल्टेज वर येतं, बोर्ड पुन्हा सुरू होतो आणि सगळं पहिल्यापासून. हे शोधायला मल्टिमीटर लागतो आणि एखादी संध्याकाळ जाते. सिम्युलेटरमधली बॅटरी सहसा आदर्श असते, ती दमत नाही. त्यामुळे ही संध्याकाळ त्या मुलांच्या वाट्याला आलीच नाही.

मेकॅनिकलचंही तसंच. कॅडमध्ये शाफ्ट आणि बेअरिंग दोन क्लिकमध्ये एकमेकांत बसतात. वर्कशॉपमध्ये 20 मिलिमीटरच्या भोकाला एच7 टॉलरन्स दिला, तर ते 20.000 ते 20.021 मिलिमीटरच्या आतच हवं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, इथे मुभा आहे 21 मायक्रॉनची. ड्रॉइंगवर हा टॉलरन्स लिहायला काही लागत नाही. लेथवरचा कारागीर ते ड्रॉइंग बघून ‘एवढं कशाला पाहिजे तुम्हाला?’ असं विचारतो, तेव्हा टॉलरन्सला पैसे पडतात हे कळतं.

सोलापुरात हा संवाद अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत होतो. चादर-टॉवेलचे यंत्रमाग इथे आहेत, त्यांचे सुटे भाग बनवणारी, दुरुस्त करणारी वर्कशॉप आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा वेगळा पार्ट लागला तर पुण्याच्या तपकीर गल्लीची वारी ठरलेली. 2020 मध्ये ही अख्खी साखळी तुटली; जुलैत तर शहरात पुन्हा कडक लॉकडाऊन झाला. म्हणजे नुसती कॉलेजची लॅब नव्हे, गावातली लॅबही बंद होती.

जगात काय केलं?

अमेरिकेत एमआयटीने काही कोर्ससाठी साहित्याचे किट विद्यार्थ्यांच्या घरी पाठवले. आपल्याकडे काश्मीरमध्ये आयआयटी मुंबई, एनआयटी श्रीनगर आणि अवंतीपोराच्या इस्लामिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्थानिक साहित्यातून सुमारे 10 हजार रुपयांत ‘रूहदार’ या व्हेंटिलेटरचा नमुना बनवला. पण त्यांच्या हाताशी विद्यापीठाचं डिझाइन सेंटर होतं, हे विसरून त्याची गोष्ट सांगितली जाते.

सर्वात स्वस्त उपाय मात्र खिशात होता. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे ॲप 2016 पासून मोफत आहे. फोनमधल्या सेन्सरवरून ते कंपन मोजतं. वॉशिंग मशिनच्या झाकणावर फोन ठेवा, ड्रायर मिनिटाला 1,320 फेरे घेत असेल तर आलेखावर 22 हर्ट्झला टोक दिसेल. मशिन एका बाजूला कलवून बघा, टोकाची उंची बदलते की नाही. असंतुलनाचं हे प्रॅक्टिकल घरबसल्या होतं आणि सिम्युलेशन नसतं.

आता त्याचं काय?

महाराष्ट्रात कॉलेजं फेब्रुवारी 2021 मध्ये 50 टक्के उपस्थितीत उघडली, दुसऱ्या लाटेत बंद झाली, 20 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडली, जानेवारी 2022 मध्ये परत बंद. त्यामुळे 2021 मध्ये पास झालेल्यांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बहुतांश घरूनच गेला. 2020 मध्ये प्रवेश घेतलेल्यांचं तर पहिल्या वर्षाचं वर्कशॉप, म्हणजे फायलिंग, वेल्डिंग, सुतारकाम, बऱ्याच अंशी व्हिडिओवर आटोपलं. ती बॅच 2024 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली.

याचं सगळं खापर कोरोनावर फोडणं मला पटत नाही. रेडीमेड प्रोजेक्ट विकत घ्यायचा, ब्लॅक बुक बाइंड करायचं आणि व्हायव्हाला पाठ केलेलं सांगायचं, हे मी इंजिनिअरिंगला असताना, कोरोनाच्या आधीपासून बघत आलोय. लॉकडाऊनने फक्त एवढं दाखवलं की वस्तू नसली तरी मार्क पडू शकतात.

ऑनलाइनमधल्या दोन गोष्टी ठेवण्यासारख्या आहेत. आधी सिम्युलेटरवर करून मगच सामान घेणं, यात पैसे वाचतात. आणि दर आठवड्याला कामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, न चाललेल्या मॉडेलचासुद्धा, कारण विकत घेतलेल्या प्रोजेक्टला असे आठवडे नसतात. व्हायव्हाला आता परीक्षक समोर असतात. ते सर्किटमधली एक वायर काढून ‘चालू करून दाखव’ म्हणू शकतात. व्हिडिओ कॉलवर ते शक्य नव्हतं.