ग्राफिक्स कार्डाचे वय आणि त्याचे बळ

संगणकावरील खेळांच्या संदर्भात ‘नवे कार्ड’ आणि ‘वेगवान कार्ड’ हे शब्दप्रयोग बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी चार कार्डे शेजारी ठेवून पारखण्याची संधी क्वचितच मिळते आणि खरेदीसाठी यवतमाळ, अमरावती, नागपूर किंवा ऑनलाइन दुकानांवर विसंबावे लागते, त्यामुळे तिथे या समजुतीची किंमत थेट खिशातून मोजावी लागते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग हिशेबाने ठरवणारा, संगणकाच्या आत बसवलेला स्वतंत्र संगणकच होय. जीपीयू नावाने ओळखली जाणारी मुख्य चिप, तिची स्वतःची मेमरी, वीज सांभाळणारे घटक आणि उष्णता बाहेर काढणारी धातूची पाती व पंखे एवढा त्याचा पसारा असतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, आणि सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे ६० फ्रेम, हव्या असतील तर कार्डाला दर सेकंदाला सव्वाबारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज नावातील आकड्यांविषयीचा आहे. एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स कार्डांच्या नावात सुरुवातीचे अंक पिढी दाखवतात आणि शेवटचे दोन अंक त्या पिढीतील पायरी दाखवतात. त्यामुळे संपूर्ण आकडा एकसंध संख्या म्हणून वाचला की चूक ठरलेलीच. जानेवारी २०१९ मध्ये आलेले आरटीएक्स २०६० आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० यांत दुसरे तीन वर्षांनी तरुण आहे व त्याचा आकडाही मोठा आहे, तरीही बहुतेक खेळांत २०६० पुढेच राहते. कारण त्याची मेमरी चिपला सेकंदाला ३३६ गिगाबाइट माहिती पुरवते, तर ३०५० च्या आठ गिगाबाइटच्या मूळ आवृत्तीत हा पुरवठा २२४ गिगाबाइटचाच आहे. नाव जसेच्या तसे राहून आतला माल बदलल्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१७ मध्ये जीडीडीआर५ जातीच्या मेमरीसह आलेले जीटी १०३० पुढच्या वर्षी साध्या डीडीआर४ मेमरीसह त्याच नावाने विकले जाऊ लागले आणि मेमरीचा पुरवठा सेकंदाला ४८ गिगाबाइटवरून १७ गिगाबाइटच्याही खाली आला. अशा वेळी नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीपेक्षा सरळसरळ दुबळी असते, आणि खोक्यावरील बारीक अक्षरे वाचल्याखेरीज ते ग्राहकाला कळत नाही.

दुसरी चूक चिपमधील गाभ्यांची संख्या मोजण्याची आहे. गाभा म्हणजे एका वेळी एक छोटा हिशेब करणारा घटक, ज्याला एनव्हिडिया कुडा कोअर म्हणते. मार्च २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय आणि फेब्रुवारी २०२१ चे आरटीएक्स ३०६० या दोन्हींत नेमके ३५८४ गाभे आहेत, पण दोन पिढ्यांतील गाभ्यांची घडण वेगळी असल्याने ही बरोबरी केवळ कागदावरची ठरते. वेगात ती दोन कार्डे एकमेकांच्या जवळपास येतात खरी, मात्र ती वेगवेगळ्या वाटांनी येतात: जुने २५० वॉट वीज घेते, तर नवे १७० वॉट. म्हणून गाभ्यांची तुलना एकाच पिढीच्या आत करावी, पिढ्या ओलांडून करू नये.

सामर्थ्य हे एकाच मोजपट्टीवर मोजता येत नाही, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विदर्भातील मुरंबा या गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत परम महासंगणकांची परंपरा सुरू झाली. त्या परंपरेतील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता आणि त्यात एनव्हिडियाच्या ए१०० चिपा आहेत. आरटीएक्स ३०६० ज्या अँपियर रचनेवर उभे आहे, तिच्याच कुळातील ही चिप आहे. पण तिला पडदा जोडण्याची जागाच नाही, त्यामुळे खेळापुरते पाहिले तर हे अफाट बळ साध्या कार्डाचीही जागा घेऊ शकत नाही.

जुन्या-नव्याची खरी तुलना करायची तर एकाच पायरीवरची दोन कार्डे घ्यावी लागतात, आणि त्यासाठी जुलै २०१६ चे जीटीएक्स १०६० व जून २०२३ चे आरटीएक्स ४०६० ही जोडी सर्वांत उपयोगी आहे. १०६० च्या चिपमध्ये सुमारे ४४० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी सूक्ष्म कळसूत्रे आहेत, तर ४०६० मध्ये ती सुमारे १८९० कोटी आहेत; तरीही निर्मितीचे तंत्र १६ नॅनोमीटरवरून ५ नॅनोमीटरच्या श्रेणीत आल्याने नवी चिप आकाराने जुनीपेक्षा लहान आहे आणि वीजही १२० ऐवजी ११५ वॉट घेते. म्हणजे तेवढ्याच विजेत खेळातील फ्रेम साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक मिळतात, आणि ‘नवे कार्ड म्हणजे जास्त वीजबिल’ ही समजूत निदान या पायरीवर निराधार ठरते. याच जोडीवरून आणखी एक गैरसमज दूर होतो. चिप व मेमरी यांना जोडणारी वाट १०६० मध्ये १९२ बिट रुंद होती, ४०६० मध्ये ती १२८ बिटच आहे. एवढ्यावरूनच नव्या कार्डाला कमजोर ठरवले जाते; परंतु नव्या चिपच्या आतच २४ मेगाबाइटची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली अतिवेगवान साठवण आहे, जी १०६० मध्ये दीड मेगाबाइटच होती. ज्या घरी हंडा भरून ठेवलेला असतो, तिथे दर घोटासाठी विहिरीवर जावे लागत नाही, तसेच हे आहे.

मेमरीच्या गिगाबाइटवरून कार्डाचा भाव करण्याची सवय मात्र अर्धी चूक आणि अर्धी बरोबर आहे. ‘चार जीबीचे कार्ड’ अशी मागणी केल्यावर २०१४ चे, डीडीआर३ मेमरीचे जीटी ७३० हाती पडू शकते, आणि तेवढ्याच मेमरीचे ऑक्टोबर २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय त्याच्यापेक्षा कित्येक पटींनी वेगवान असते. मेमरी ही कोठाराची क्षमता आहे, कामाचा वेग नव्हे. पण कोठार अपुरे पडले की वेगही खुंटतो. ३०६० मध्ये १२ गिगाबाइट आणि त्याच्या वारसाच्या, म्हणजे ४०६० च्या, अंगी ८ गिगाबाइटच आहेत. ज्या खेळांचे तपशीलवार पृष्ठभाग आठ गिगाबाइटमध्ये मावत नाहीत, तिथे नवे कार्ड अडखळते व जुने सुरळीत चालते.

तर मग कार्ड जुने होते म्हणजे नेमके काय होते? त्याचा वेग फारसा घटत नाही; ज्या कामांची त्याला ओळखच नाही अशी कामे खेळांत येऊ लागतात, तेव्हा ते जुने होते. प्रकाशाचा प्रत्येक किरण कुठून आला व कुठे परावर्तित झाला याचा माग काढून सावल्या व प्रतिबिंबे रेखाटण्याच्या पद्धतीला रे ट्रेसिंग म्हणतात, आणि त्यासाठीचे खास घटक एनव्हिडियाने २०१८ पासून, आरटीएक्स २० मालिकेपासून, आपल्या कार्डांत घातले. डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ या खेळांनी हे घटक अनिवार्य केले, त्यामुळे आपल्या काळात अव्वल असलेले १०८० टीआय तिथे उंबऱ्यावरच थांबते, तर त्याच्याहून मंद असलेले ३०५० आत जाऊ शकते. कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते प्रशिक्षित प्रणालीच्या साहाय्याने मोठे व स्पष्ट करण्याची डीएलएसएस ही सोय आरटीएक्स कार्डांपुरती आहे, आणि दोन फ्रेमांमध्ये नवी फ्रेम रचून घालण्याची डीएलएसएसमधील सोय तर ४० मालिकेपासूनच आहे. जुन्या जीटीएक्स कार्डांना एएमडी कंपनीच्या, २०२१ मध्ये आलेल्या एफएसआर या खुल्या पद्धतीचा आधार आहे, पण तिचे आरंभीचे रूप गुणवत्तेत डीएलएसएसच्या तोडीचे नाही. याखेरीज ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड व संगणकप्रणाली यांच्यातील दुभाष्या सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या खेळांनुसार केली जाणारी सुधारणा एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवली असून केवळ सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे.

बाभुळगावच्या परिस्थितीत विजेचा आणि उष्णतेचा विचार फ्रेमइतकाच महत्त्वाचा आहे. कार्डाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. १०८० टीआय व ४०६० यांच्यातील फरक १३५ वॉटचा असल्याने रोज चार तास पूर्ण भारावर खेळल्यास महिन्याला सुमारे १६ युनिट वीज जास्त लागते आणि तेवढीच उष्णता, विदर्भातील मे महिन्यात, आधीच तापलेल्या घरात भरते. ‘एवढ्या उन्हात कार्ड जळते’ ही भीती मात्र अतिरंजित आहे. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर स्थिरावणारे कार्ड ४३ अंशांच्या खोलीत, पंखे त्याच गतीने फिरल्यास, ८८ अंशांच्या आसपास जाईल. पण त्याआधीच पंख्यांची गती वाढते, आणि तेही पुरेसे झाले नाही तर चिप आपला वेग स्वतःच कमी करते. कार्ड वाचते, खेळ मंदावतो. खरा शत्रू उन्हापेक्षा धूळ आहे, आणि जिथे भाव वाढण्याची वाट पाहत वेचलेला कापूस घरातच साठवून ठेवला जातो, तिथे त्याचे तंतू धातूच्या पात्यांमध्ये अडकून गादीसारखा थर तयार करतात. दर दोन-तीन महिन्यांनी पंखा हाताने धरून मऊ ब्रशने केलेली सफाई या भागात महागड्या कुलिंगपेक्षा अधिक उपयोगी पडते. कूलरमुळे खोली थंड होते हे कार्डाला हिताचेच आहे, मात्र पाण्याचे तुषार पोहोचतील इतक्या जवळ संगणक ठेवू नये. वीज गेल्यावर सांभाळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो; ४०६० चा संगणक त्यात बसतो, १०८० टीआयचा भर खेळात बसत नाही.

नवे कार्ड जुन्या मदरबोर्डावर चालत नाही, ही समजूत बहुतांशी खोटी आहे, कारण कार्ड ज्यात बसते त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या नव्या-जुन्या आवृत्त्या परस्परांशी जुळतात. अपवाद मात्र माहीत असावा: २०२२ चे एएमडी आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटच्या चारच मार्गिका वापरते, त्यामुळे तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर त्याचा वेग जाणवण्याइतका घटतो. जुना व्हीजीए मॉनिटर जीटीएक्स १० मालिकेपासून थेट जोडता येत नाही, वेगळा कन्व्हर्टर लागतो. आणि ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ सारख्या खेळांत अडथळा बहुधा प्रोसेसरचा असतो. २०१२ च्या काळातील चार गाभ्यांच्या प्रोसेसरसोबत ४०६० बसवल्यास त्याचा मोठा हिस्सा रिकामाच बसून राहतो. लॅपटॉपवरील नाव तर आणखी फसवे, कारण ४०६० या एकाच नावाची लॅपटॉपमधील चिप ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवलेली असू शकते.

वापरलेल्या कार्डांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी जुनी पद्धत सोडली, तेव्हा खाणकामात, म्हणजे हे चलन मिळवण्यासाठीच्या अखंड हिशेबात, वापरलेली असंख्य कार्डे बाजारात आली. ती सगळी निकामी असतात हे खरे नाही, कारण स्थिर भारावर चाललेली चिप सहसा टिकते. आणि ती नव्यासारखीच असतात हेही खरे नाही, कारण अखंड फिरलेल्या पंख्यांचे बेअरिंग व मेमरीवरील उष्णतावाहक पट्ट्या झिजलेल्या असतात. याहून मोठा धोका बनावट कार्डांचा आहे, ज्यात जीटीएस ४५० सारख्या २०१० च्या कार्डाच्या आतील नोंद बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवले जाते. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी लबाडी बहुतेकदा पकडते. म्हणून पैसे देण्यापूर्वी ते चालवून पाहावे आणि निदान अर्धा तास एखादा जड खेळ चालू ठेवून तापमान व पंख्यांचा आवाज तपासावा.

ज्याच्याकडे १०६० आहे, पडदा फुल एचडीचा आहे आणि खेळ स्पर्धात्मक पण हलके आहेत, त्याला आज बदलाची निकड नाही. ज्याला रे ट्रेसिंग अनिवार्य असलेले नवे खेळ हवे आहेत, त्याने कितीही स्वस्तात मिळाले तरी जीटीएक्स कार्ड घेऊ नये. कोणताही निर्णय घेण्याआधी संगणकाचे झाकण उघडून विजेचा पुरवठा करणाऱ्या एसएमपीएसवरील वॉटचा आकडा वाचावा, कारण ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटची शिफारस करते. आणि तो एसएमपीएस दुबळा किंवा बिननावाचा निघाल्यास कार्डासाठी साठवलेल्या रकमेतून पहिला खर्च त्यावरच करावा.