चकती तेवढीच, मग किंमत वेगळी का?



गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत काकूंनी सतरंजीवर तीन चकत्या मांडल्या. एक व्हीसीडी, एक डीव्हीडी आणि एक निळ्या डबीतली ब्लू-रे. आपल्याकडे तिन्हींना 'सीडी'च म्हणतात. काकूंचं गावात सिनेमाच्या सीडी भाड्याने देण्याचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "ताई, आकार तोच, वजन तेवढंच, चमकही तीच. मग ही निळी इतकी महाग कशी? पोरगा म्हणतोय, इथून पुढं हीच चालणार. गटातून वीस हजार काढून दे."

बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, नवीन ते सोनं. काहीजणी म्हणाल्या, कंपन्यांची लूट आहे, दुसरं काय. मी गप्प बसले होते. कारण २००६ साली याच काकूंना पंधरा हजारांचं कर्ज द्या, असं सांगणारी मीच होते. त्या पैशांतून त्यांनी शंभरेक व्हीसीडी भरल्या होत्या. त्याचं पुढे काय झालं ते सांगते. पण आधी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर शोधू या, कारण तेच उत्तर मला त्या वेळी माहीत असायला हवं होतं.

काकूंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. तिन्ही चकत्या १२ सेंटीमीटर रुंद असतात. जाडी सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. तिन्हींचं मुख्य प्लास्टिकही एकाच जातीचं. म्हणजे किंमत प्लास्टिकची नाही, हे पहिलं लक्षात ठेवा.

मग फरक कशात आहे? फरक आहे त्या चकतीवर काय आणि किती बारीक लिहिलंय यात. एक एकर रान डोळ्यांसमोर आणा. पेरणीच्या दोन ओळी लांब ठेवल्या तर रोपं कमी बसतात, जवळ घेतल्या तर जास्त बसतात. रान तेवढंच. चकतीवरही चित्र आणि आवाज अशाच ओळींत, बारीक खळग्यांच्या रूपात भरलेले असतात. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत सीडीच्या चाळीसेक ओळी मावतात, डीव्हीडीच्या नव्वदेक आणि ब्लू-रेच्या दोनशेच्या वर.

म्हणून चित्रात फरक पडतो. टीव्हीवरचं चित्र म्हणजे रांगोळीसारखे ठिपके. व्हीसीडीच्या एका चित्रात साधारण १ लाख ठिपके असतात, डीव्हीडीत ४ लाख आणि ब्लू-रेमध्ये २० लाख. व्हीसीडीवर साधारण तासाभराचाच सिनेमा बसतो, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन चकत्या लागतात आणि नेमकं गाणं रंगात आलं की उठून चकती बदलावी लागते. डीव्हीडीवर अख्खा सिनेमा एकाच चकतीत येतो.

आता या बारीक ओळी वाचायच्या कशाने? प्रकाशाच्या किरणाने, म्हणजे लेझरने. जाड सुईने रेशमावर बारीक टाका घालता येत नाही, तसंच इथे आहे. सीडी वाचायला जो किरण लागतो, तो आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. डीव्हीडीला त्याहून बारीक, लाल किरण लागतो. ब्लू-रेला त्याहूनही बारीक, निळसर जांभळा. ब्लू म्हणजे निळा आणि रे म्हणजे किरण, त्यावरूनच हे नाव पडलं. हा निळा किरण देणारा छोटासा तुकडा बनवणं फार अवघड होतं. जगभरचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याच्या मागे होते. १९९०च्या दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांना ते जमलं, आणि त्यानंतरही तो तुकडा कारखान्यात भरपूर आणि स्वस्तात तयार व्हायला अनेक वर्षं गेली. ज्या कंपन्यांनी या कामात पैसा घातला त्या तो कुठून काढणार? पहिल्या गिऱ्हाइकांकडून.

दुसरा खर्च कारखान्याचा. सीडी एका साच्यातून एक अखंड चकती म्हणून निघते. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. ब्लू-रेमध्ये तर लिहिलेला भाग पृष्ठभागाच्या अगदी जवळ, एक दशांश मिलिमीटर खाली असतो. तिथे ओरखडा पडला तर संपलंच, म्हणून वर कडक लेप द्यावा लागतो. हे सगळं जुन्या यंत्रांवर होत नाही. नवी यंत्रं घ्यावी लागतात, आणि हात बसेपर्यंत सुरुवातीला खराब माल जास्त निघतो. नवीन तव्यावरचे पहिले चार घावन कसे निघतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या वाया गेलेल्या मालाची किंमत चांगल्या मालावर बसते.

तिसरा खर्च सिनेमाचा. चित्रात २० लाख ठिपके दाखवायचे, तर मूळ फिल्मसुद्धा तेवढी स्वच्छ हवी. जुना सिनेमा असेल तर फिल्म पुन्हा नव्याने उतरवून घेतात, तिच्यावरची धूळ आणि रेघा काढतात. हे कुशल माणसांचं वेळखाऊ काम आहे. आणि इथेच खरी गोम आहे. समजा, या कामाला ५ लाख रुपये लागले. चकत्या हजारच खपणार असतील, तर प्रत्येकीवर ५०० रुपयांचा बोजा. एक लाख खपल्या तर प्रत्येकीवर फक्त ५ रुपये. काम तेच, खर्च तोच. वाटेकरी वाढले की किंमत उतरते. नवीन वस्तूला गिऱ्हाईक थोडं असतं, म्हणून ती महाग पडते. आणि महाग असते म्हणून गिऱ्हाईक थोडं, असंही ते चक्र फिरत राहतं.

चौथी गोष्ट म्हणजे हक्काचे पैसे. ज्यांनी हे तंत्र शोधलं त्यांना चकतीमागे आणि यंत्रामागे ठरावीक रक्कम द्यावी लागते. आणि पाचवी गोष्ट म्हणजे बाजाराची रीत. आंबा पहिल्यांदा बाजारात येतो तेव्हा जो भाव असतो, तो जूनमध्ये राहतो का? घाई असलेला माणूस पहिल्या पेटीला वाटेल ते मोजतो. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. तेव्हा 'लूट आहे' म्हणणाऱ्या मैत्रिणीही अगदीच चुकीच्या नव्हत्या. काही किंमत खर्चाची असते, काही आपल्या हौसेची.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. मोझर बेअर ही कोऱ्या सीडी बनवणारी मोठी भारतीय कंपनी होती. २००७ साली ती सिनेमाच्या चकत्यांच्या धंद्यात उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. त्याआधी अस्सल डीव्हीडीला शेकडो रुपये पडायचे. कंपनीचा हिशेब साधा होता. चोरून काढलेल्या सीडीच्या भावात अस्सल माल द्यायचा आणि भरपूर खपवायचा. बघा, व्हीसीडी आणि डीव्हीडी यांच्या किमतीत फरक राहिला अवघा सहा रुपयांचा! तोवर डीव्हीडी बाजारात येऊन दहा वर्षं झाली होती. यंत्रांचे पैसे वसूल झालेले, हात बसलेले, गिऱ्हाईक लाखोंनी. मग नवेपणाची किंमत उरते कुठे?

आता काकूंकडे वळू. त्यांनी व्हीसीडी भरल्या त्या सव्वाशे-दीडशे रुपयांच्या भावाने. दहा रुपये भाड्याने दिल्या की वर्षभरात पैसे फिटतील, असा हिशेब आम्ही दोघींनी मिळून वहीत मांडला होता. आकडेमोड बरोबर होती. पण किंमत का आणि कधी उतरते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी २८ रुपयांची सीडी तालुक्याच्या दुकानात लटकू लागली. दहा रुपये भाडं देऊन दुसऱ्या दिवशी परत करायला कोण येणार? राहिलेले हप्ते काकूंनी दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाऊन फेडले. एकही हप्ता चुकवला नाही. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, पण दर महिन्याला त्यांच्या पासबुकावर सही करताना माझी मान खाली जायची.

म्हणून या वेळी मी काकूंच्या मुलाला तीन प्रश्न विचारले. ही वस्तू चालवायला आणखी काय काय घ्यावं लागेल? ब्लू-रे डीव्हीडीच्या यंत्रात चालत नाही, तिला वेगळं महाग यंत्र लागतं. आणि साध्या जुन्या टीव्हीवर तिचे २० लाख ठिपके दिसतच नाहीत. असा टीव्ही आपल्या गावात किती घरांत आहे? आणि कर्ज फिटेपर्यंत ही वस्तू याच भावाला राहील का? तिसऱ्या प्रश्नावर मी त्याला एक गोष्टही सांगितली. ब्लू-रेसोबतच एचडी डीव्हीडी नावाची दुसरी नवी चकती २००६ साली आली होती. दोघींची स्पर्धा लागली आणि फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबा कंपनीने एचडी डीव्हीडी बंद केली. ज्यांनी हौसेने तिची महागडी यंत्रं घेतली होती, त्यांची फसगत झाली.

मुलगा हुशार आहे. त्याने खरंच घरं मोजली. तसे टीव्ही दोन घरांत निघाले. पण हिंडता हिंडता त्याला दुसरंच दिसलं. घरोघरी लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पडून आहेत, काहींना बुरशी धरतेय आणि त्या लावायला यंत्र उरलेलं नाही. त्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून द्यायच्या, असं त्याने ठरवलं. कॉम्प्युटर घरात आहे. कोरी डीव्हीडी स्वस्त मिळत होती आणि ती चालवायचं यंत्र बऱ्याच घरांत होतं. गटाने त्याच्यासाठी काकूंना सहा हजार दिले. धंदा चालतो की नाही ते वर्षभरात कळेलच.

जाता जाता एक आपल्या मालाविषयी. मसाल्याचा भाव ठरवताना आपण मिरची आणि धने तेवढे मोजतो. कांडप यंत्राचा हप्ता, पहिल्या खेपेला करपलेला मसाला आणि चव जमेपर्यंत घातलेले दिवस मोजत नाही. कंपन्या यातली एकही गोष्ट सोडत नाहीत. पुढच्या बैठकीत आपल्या मालाचा भाव पुन्हा एकदा मांडून बघा. आणि नवी वस्तू घ्यायचा मोह झाला, तर सही करण्याआधी ते तीन प्रश्न एकमेकींना मोठ्याने विचारा.