चिलखती गाडी दारात आल्यावर

इंग्लंडमधील एखाद्या गावच्या पेट्रोल पंपावर रविवारी सकाळी मोटारींच्या रांगेत हिरव्या रंगाची, वर छोटा बुरूज असलेली चार चाकी चिलखती गाडी उभी दिसली, तर तेथे फारसे कोणी दचकत नाही. लष्कराने मोडीत काढलेल्या अशा गाड्या विकत घेऊन त्या रस्त्यावर चालविण्याचा छंद ब्रिटनमध्ये अनेक दशके रुजलेला आहे. गाडी विकत घेणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, कारण ही वाहने बनविणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली होती : गाडीच्या मागे सदैव लष्करी वर्कशॉप, प्रशिक्षित मेकॅनिक आणि सुट्या भागांचे कोठार असणार. खासगी मालकाला ही तिन्ही कामे स्वतःच करावी लागतात.

या छंदातील सर्वांत लोकप्रिय गाडी म्हणजे ‘फेरेट’. कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ या काळात अशा सुमारे ४,४०० टेहळणी गाड्या तयार केल्या. अनेक देशांच्या सैन्यांनी ती वापरली. भारतीय लष्करही त्यांत होते. लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, रुंदी दोन मीटरहून कमी आणि बुरुजासह उंची सुमारे १.९ मीटर, म्हणजे ती घरच्या गॅरेजमध्येही मावते. तिच्या लोकप्रियतेचे निम्मे रहस्य यातच आहे. वजन मात्र चार टनांच्या घरात. मागच्या बाजूला रोल्स-रॉइसचे सहा सिलिंडरचे, सव्वाचार लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. ९६ लिटरच्या टाकीत जेमतेम तीनशे किलोमीटर अंतर कापले जाते. लिटरला तीन किलोमीटर हा हिशेब ऐकूनच पुष्कळांचा उत्साह मावळतो.

कायद्याची बाजू त्यामानाने सुटसुटीत आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीचा परवाना मिळविलेल्यांना साडेतीन टनांपर्यंतचीच वाहने चालविता येतात. त्याहून जड गाडीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. बुरुजावर मशीनगन असल्यास ती कायमची निकामी केल्याचे प्रमाणपत्र हवे. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मुळात फेरबदल न केलेल्या वाहनांना २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. ही सूट म्हणजे सवलत वाटते खरी. पण गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. धोकादायक अवस्थेतील वाहन रस्त्यावर आणल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चार टनांच्या पोलादाचा ब्रेक लागला नाही तर पुढच्या मोटारीतील माणसांचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. वर्षातून एकदा तिऱ्हाईताची नजर गाडीवरून फिरत होती, तीही आता फिरेलच असे नाही.

फेरेटचे खरे दुखणे तिच्या रचनेत आहे. सामान्य चारचाकी-चालन गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांना जोडणारी यंत्रणा असते. फेरेटमध्ये मध्यभागी एकच डिफरन्शियल असून त्यातून चार शाफ्ट चार चाकांकडे जातात. त्यामुळे एका बाजूचे पुढचे आणि मागचे चाक एकमेकांशी जखडलेले असते. गाडीचा सांगाडा बुटका ठेवता यावा आणि चिखलात एकच चाक फुकट फिरत राहू नये, हा त्यामागचा हेतू. रणभूमीवर तो सफल होतो. डांबरी रस्त्यावर मात्र हाच गुण अंगाशी येतो. वळण घेताना पुढचे चाक मागच्यापेक्षा जास्त अंतर कापते, पण दोघांना एकाच गतीने फिरावे लागते. मऊ मातीत चाक किंचित घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर ते घसरत नाही. मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठत जातो, पिळलेल्या दोरीसारखा. तो वाढत गेला की स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळू लागते आणि अखेरीस चाकाजवळचे गिअर किंवा सांधे तुटतात.

यावर उपाय गावठी वाटावा असाच आहे. अधूनमधून गाडी फुटपाथच्या कडेवर किंवा रस्त्याकडेच्या खडबडीत मातीवर चढवायची, म्हणजे एखादे चाक क्षणभर सैल पडून पीळ उतरतो. काही मालक पुढच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट काढूनच रस्त्यावर येतात. टायरची झीजही चारी बाजूंनी सारखी असावी लागते. एक नवा आणि तीन जुने टायर लावले, तर सरळ रस्त्यावरही पीळ भरत राहतो. म्हणून एक टायर फाटला की खर्च चारांचा.

गिअरबॉक्सचेही तसेच. यात गिअर आधी निवडून ठेवायचा आणि मग पायाने पेडल दाबून तो लागू करायचा. पेडल शेवटपर्यंत दाबले नाही, तर आतील स्प्रिंगच्या जोराने ते उसळून पायावर येते. गुडघा दुखावण्याइतका हा दणका असतो. पुढे जाण्याचे पाचही गिअर मागे जातानाही उपलब्ध असतात. माघार घेणाऱ्या सैनिकाला ही सोय होती, गल्लीतल्या मालकाने ती न वापरलेलीच बरी.

चाकांच्या रिम दोन अर्ध्या भागांच्या, बोल्टने जोडलेल्या असतात. हवा भरलेली असताना चुकीच्या बोल्टवर पाना लावला, तर रिम स्फोटासारखी उघडते आणि माणूस जागीच मरू शकतो. ब्रेकच्या बाबतीत अज्ञान महागात पडते. त्याच काळातील सहा चाकी ‘सॅरासेन’सारख्या गाड्यांची हायड्रॉलिक यंत्रणा खनिज तेलावर चालते, तीत दुकानात मिळणारे नेहमीचे ब्रेक ऑइल ओतले की रबरी सील खराब होतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यावर जुन्या रबरी नळ्यांचा प्रश्नही उभा राहिला. आपल्याकडे ई-२० वरून जुन्या मोटारींचे मालक जी तक्रार करतात, तीच ही.

साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांचा मामला आणखी खर्चिक. पंधरा टनांच्या ‘एफव्ही ४३२’ला रस्त्यावर आणायचे तर पट्ट्यांना रबरी पॅड लावणे भाग असते, नाहीतर रस्त्याची चाळण होते. चालकासाठी परवान्याचा वर्गही वेगळा. हौशी मंडळी त्यामुळे सहसा चाकांच्या गाडीपासूनच सुरुवात करतात. आपल्याकडे लिलावात घेतलेली जोंगा किंवा जीप सांभाळणाऱ्यांना यातील बरेच काही ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की जोंगा हुबेहूब मोटारीसारखी दुरुस्त करता येते, फेरेट नाही.

जाणते ग्राहक म्हणूनच इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले आहेत का ते पाहतात, चाकांच्या आतल्या बाजूला तेल झिरपले आहे का ते तपासतात. मग काही किलोमीटर डांबरी रस्त्यावर गाडी चालवून जॅकने एक चाक उचलतात. ते चाक आपोआप उलटे फिरले, तर शाफ्टमध्ये पीळ साठलेला होता.