दोन दिवसांचें पुणें

‘पुणें तेथें काय उणें’ ही म्हण पुणेकर अभिमानानें म्हणतो, आणि इतर लोक किंचित् हसून म्हणतात. परंतु दोन दिवसांची सवड काढून मुंबईहून पुण्यास आलेलें एखादें दांपत्य परततांना आपल्या टिपणवहीवर नजर टाकील, तर त्यास एक उणीव खास आढळेल. शनिवारवाडा पाहिला, पर्वती चढून झाली, कसब्याच्या गणपतीस नमस्कार झाला, केळकर संग्रहालय पाहिलें, लक्ष्मी रस्त्यावर खरेदीहि झाली. पण ज्या नदीच्या काठीं हें सारें वसलें, ती मुठा मात्र त्या यादींत नसते. रिक्षा पुलावरून गेली तेव्हां खालीं कांहीं पाणी दिसलें होतें, एवढीच तिची आठवण.

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें म्हणतात. ऋषींची गोष्ट निराळी. पण नदीकांठचें शहर समजून घ्यावयाचें असेल, तर नदीची विचारपूस केल्यावांचून गत्यंतर नाहीं. पुण्याचे दोन दिवस मुठेच्या सोबतीनें घालविले, तर तेच वाडे आणि तींच देवळें अधिक बोलकीं होतात.

शनिवार-रविवारची पुण्याची सहल ही कांहीं आजची चाल नव्हे. ‘डेक्कन क्वीन’ ही गाडी १ जून १९३० रोजीं सुरू झाली, ती आरंभीं अशा सुटीच्या प्रवाशांसाठींच. पुढें ती रोजची झाली. आजहि ती संध्याकाळीं मुंबईहून निघते व सकाळीं पुण्याहून सुटते. शुक्रवारीं तिनें यावें आणि सोमवारीं तिनेंच परत जावें, म्हणजे मधले दोन दिवस सबंध हातीं राहतात.

पहिल्या दिवशीं ऊन चढण्यापूर्वीं पर्वती गांठावी. पायऱ्या शंभराहून अधिक असल्या तरी रुंद व सोप्या आहेत. माथ्यावरील देवदेवेश्वराचें मंदिर नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलें, आणि पानिपतचा आघात सोसल्यावर २३ जून १७६१ रोजीं त्यांचा अंत झाला तोहि याच टेंकडीवर. दर्शन झाल्यावर लगेच खालीं उतरूं नये. नैऋत्येकडे सिंहगड दिसतो. त्या बाजूच्या डोंगरांतून मुठा येते, जुन्या पेठांना पश्चिमेकडून व उत्तरेकडून वळसा घालते आणि पुढें मुळेस मिळते. एवढें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढें वाट चुकत नाहीं.

पायथ्याशीं सारसबाग आहे. तिच्यांतील गणपतीस ‘तळ्यांतला गणपति’ म्हणतात, आणि नवखा पाहुणा हटकून विचारतो, तळें कोठें आहे? तळें होतें. तें नानासाहेबांनींच करविलेलें. विसाव्या शतकांत तें बुजवून तेथें बाग केली. नदी इतकी जवळ असतां पेशव्यांस तळीं कशाला लागलीं, हा प्रश्न येथें साहजिक उभा राहतो. त्याचें उत्तर जमिनीच्या उतारांत आहे. मुठेचें पात्र पेठांपेक्षां खोल, आणि उन्हाळ्यांत तिचें पाणी अगदीं रोडावत असे. खोलगट पात्रांतलें पाणी वर चढविण्यास त्या काळीं बैल व माणसें यांवांचून दुसरें बळ नव्हतें. कात्रजचें खोरें मात्र शहराच्या दक्षिणेस आणि उंचावर. तेथें तलाव बांधून नानासाहेबांनीं जमिनीखालून चुनेगच्ची नळ आणला. केवळ उतारानें वाहणारें हें पाणी पेठांतील हौदांत पडे व शनिवारवाड्यासहि मिळे. फडके हौद, काळा हौद, साततोटी हौद हीं नांवें आज चौकांच्या रूपानें उरलीं आहेत.

दुपार टळल्यावर शनिवारवाड्यांत जावें. थोरल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं त्याचा पाया घातला, आणि १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांति झाली. १८२८ च्या आगीनंतर तटबंदी, दरवाजे, जोतीं आणि कारंज्यांचे हौद एवढेंच शिल्लक राहिलें. दिल्ली दरवाजाचें तोंड उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीकडे, हें सारेच सांगतात. तीच दिशा नदीचीहि आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

वाड्यापासून थोडें पश्चिमेकडे चाललें कीं ओंकारेश्वर लागतो. १७३९ सालीं वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांची समाधि येथेंच आहे. पेशव्यांनीं पिण्याचें पाणी कात्रजहून आणलें, तरी स्नानसंध्या, देवदर्शन आणि अखेरचा निरोप यांसाठीं नदीचा कांठच राखला होता. आज देवळामागें जाऊन पाहिलें तर दोघांपैकीं एकजण नाक मुरडल्यावांचून राहत नाहीं. तो दोष नदीचा नव्हे. वरच्या अंगास खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें, पुढें आणखी धरणें झालीं. तेव्हांपासून पावसाळा सोडला तर वाहतें पाणी थोडें, आणि शहराचें सांडपाणी मात्र वाढतें. पाणी नळानें घरांत आलें, त्यामुळें नदीवर जाण्याचें कारण उरलें नाहीं. जिच्याकडे जाण्याचें कारण उरत नाहीं, तिच्याकडे लक्षहि उरत नाहीं.

तेथून कांठाकांठानें लकडी पुलावर यावें. पूल दगडी, नांव लाकडी. पूर्वींच्या लाकडी पुलाची ही आठवण. संध्याकाळीं येथें गर्दी फार असते, तरी कठड्याशीं क्षणभर उभें राहून खालीं पाहावें, आणि मग आपण उभे आहों तो रस्ताच पाण्याखालीं गेल्याची कल्पना करावी. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें नवें धरण फुटलें. आदल्या रात्रीं जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तें थोपविण्याची शर्थ केली होती. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणहि फोडलें. लकडी पूल व नवा पूल बुडाले. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील वाडे ढांसळले. ज्या धरणानें शहरास पाणी पुरवावयाचें तेंच फुटल्यामुळें, पुरांत बुडालेल्या शहराचे नळ कोरडे पडले. पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या पेठेंतील वृद्ध गृहस्थ अजूनहि हात उंचावून ‘पाणी येथवर होतें’ असें दाखवितात, आणि तो हात त्यांच्या डोक्याच्याहि वर गेलेला असतो.

दुसरा दिवस प्रवाहाबरोबर चालण्याचा. सकाळीं नदीपलीकडे, पूर्वींच्या भांबुर्ड्यांत, पाताळेश्वराचें लेणें पाहावें. एकाच खडकांत कोरलेलें हें शिवालय आठव्या शतकाच्या सुमाराचें, राष्ट्रकूटांच्या काळचें. त्याचा वाटोळा नंदिमंडप मोठा डौलदार आहे. लेण्याचें काम अपुरें राहिलेलें पाहून मन क्षणभर थबकतें. शनिवारवाड्याच्या हजार वर्षें आधींहि या कांठावर वस्ती होती, हें येथें उमगतें.

पुढें संगम. येथें मुळा व मुठा एक होतात. पेशव्यांच्या दरबारीं असलेल्या इंग्रज रेसिडेंटाचा बंगला याच ठिकाणीं होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, त्या वेळीं तो जळाला. त्यानंतर बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. आणखी पूर्वेस बंडगार्डन आहे. तेथील बंधारा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या उदार देणगीनें झाला, आणि तेथेंच १८६९ सालचा फिट्झजेरल्ड पूल आहे.

नदी ओलांडून आगाखान पॅलेसमध्यें जावें. १९४२ च्या ऑगस्टपासून महात्मा गांधी येथें बंदिवासांत होते, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबांनीं येथेंच देह ठेवला. साठ वर्षांहून अधिक काळाचा तो संसार येथें संपला. दोन दिवस बरोबर हिंडलेल्या पतिपत्नींनीं त्या समाधीजवळ कांहीं वेळ न बोलतां बसावें, एवढेंच पुरे.

आज नदीकांठीं मेट्रो धांवते आणि कांठ सुशोभित करण्याच्या योजना चालूं आहेत. तरी जुलै २०२४ मध्यें खडकवासल्यांतून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याकडील एकतानगरींत तें लोकांच्या घरांत शिरलेंच. कांठ शोभिवंत करणें आणि नदीस तिची जागा ठेवणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें पुण्यानें दोनदां पाहिलें.

सोमवारीं सकाळीं गाडी पुण्याहून सुटते आणि लगेच संगमाजवळ मुठा ओलांडते. शुक्रवारीं रात्रीं येतांनाहि ती येथूनच आलेली असते; पण तेव्हां डब्यांत सामान आवरण्याची घाई, आणि बाहेर अंधार. आतां मात्र दोघेंहि आपण होऊन खिडकीशीं येतात.