'ॲग्री' नाही म्हटलं तर?

तुमच्या क्लासचा ग्रुप कशावर आहे? विचारायची गरजच नाही, व्हॉट्सॲपवर. सबमिशनची तारीख, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, लेक्चर कॅन्सल झाल्याची आनंदाची बातमी, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची शेवटची मुदत, सगळं तिथेच येतं. आता समजा, एखादी मुलगी म्हणाली, 'मला या कंपनीच्या अटी मान्य नाहीत, मी ॲप काढून टाकते.' तर? तिला कुणी अडवणार नाही. फक्त इंटर्नल कधी आहे हे तिला कळणार नाही!

प्रायव्हसीच्या सगळ्या चर्चेतला कळीचा प्रश्न हाच आहे. आपण 'ॲग्री'वर टिचकी मारतो खरी, पण 'नाही' म्हणायची सोय असते का?

दोन विद्यार्थी आणि एक केस

भारतात हा प्रश्न कोर्टापर्यंत नेला तो दोन विद्यार्थ्यांनी. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं, तेव्हा युजर्सच्या प्रायव्हसीत काही बदलणार नाही असं सांगितलं गेलं होतं. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, पॉलिसी बदलली. युजरचा फोन नंबर आणि अकाउंटची काही माहिती आता फेसबुकलाही मिळणार होती. कर्मण्य सिंग सरीन आणि श्रेया सेठी या दोघांनी त्याविरोधात दिल्ली हायकोर्टात याचिका केली. २५ सप्टेंबर २०१६ पर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नका, असं कोर्टाने बजावलं. त्यानंतरच्या माहितीचं काय? त्यासाठी दोघं सुप्रीम कोर्टात गेले.

मध्यंतरी २४ ऑगस्ट २०१७ ला एक मोठी गोष्ट घडली. आधारच्या वादातून आलेल्या पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. हक्क तर मिळाला, पण मोबाइलच्या स्क्रीनवर काय बदललं?

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपचं ते नोटिफिकेशन आलं. आपल्यापैकी अनेक जण तेव्हा शाळेत होते आणि ऑनलाइन क्लासमुळे फोन पहिल्यांदाच पूर्णवेळ हातात आला होता. २०१६ मध्ये निदान ठरावीक मुदतीत नकार द्यायचा पर्याय होता. या वेळी सूर होता 'मान्य करा, नाहीतर निघा'. युरोपातल्या युजर्सच्या डेटा शेअरिंगमध्ये मात्र काही बदल होणार नाही, असं कंपनीने तेव्हाच स्पष्ट केलं. ॲप तेच, कंपनी तीच. फरक एवढाच, की युरोपात २०१८ पासून जीडीपीआर नावाचा कडक कायदा लागू होता आणि आपल्याकडे तसा कायदाच नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपले चॅट्स एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, ते कंपनीला वाचता येत नाहीत. पण नंबर कोणता, फोन कोणता, ॲप कधी आणि किती वापरता, कोणत्या बिझनेस अकाउंटशी बोलता, ही माहिती चॅटच्या बाहेरची असते. पत्र कुणी फोडत नाही, पण पाकिटावरचा पत्ता आणि शिक्का सगळ्यांना दिसतो, तसंच.

आणि आता एक गंमत. १ फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने व्हॉट्सॲपला एक जाहिरात द्यायला लावली. २०२१ ची पॉलिसी मान्य केली नाही तरी ॲप पूर्वीसारखंच चालेल, अशी हमी कंपनीने सरकारला दिली होती. ती पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत दोनदा छापा, असा आदेश होता. म्हणजे 'नाही' म्हणायची सोय होती, पण आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात विचारून बघा, किती जणांना हे माहीत आहे?

दंड किती, कमाई किती

नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच पॉलिसीवरून मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाजारातल्या दादागिरीचा फायदा घेऊन युजर्सवर अटी लादल्या, असा ठपका होता. जाहिरातींसाठी डेटा शेअर करायला पाच वर्षं बंदीही घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने बंदी उठवली, दंड मात्र कायम ठेवला.

२१३ कोटी ऐकून आपले डोळे पांढरे होतात. पण मेटाची २०२४ ची एकूण कमाई सुमारे १६४ अब्ज डॉलर होती. हिशेब केला तर हा दंड भरून काढायला कंपनीला दीड तासही लागत नाही. आपलं एक प्रॅक्टिकल यापेक्षा लांबतं.

आणि सरकार?

मग सरकारने कडक कायदा करावा, हे ओघाने आलंच. तो झालाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपनीच्या मोठ्या चुकीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ती मागे घेणंही तितकंच सोपं हवं, असं कायदा सांगतो. कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारता येईल, ती पुसायलाही सांगता येईल. मात्र यातल्या बहुतेक तरतुदी लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे.

पण सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. तक्रारींचा निवाडा करणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाचे सदस्यही केंद्र सरकारच नेमणार. २०२१ च्या आयटी नियमांत तर मेसेज मुळात कुणी पाठवला हे शोधून देण्याची अट आहे. त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागेल, म्हणून व्हॉट्सॲप स्वतःच कोर्टात गेलं. गंमत बघा, आपल्या प्रायव्हसीसाठी सरकार कंपनीशी भांडतंय आणि कंपनी सरकारशी. आपल्याला मात्र दोघांपैकी कुणीच विचारलेलं नाही.

आता आपल्याच कॅम्पसमध्ये या. कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला 'मूल' ठरवलंय. म्हणजे ज्युनिअर कॉलेजचे जवळजवळ सगळे वर्ग. त्यांचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळलेली संमती लागेल. पण पालक खरे आहेत हे पडताळायला कंपनीला आणखी माहिती द्यावी लागणार! माहिती वाचवण्यासाठी माहिती द्या, असा हा प्रकार.

कोर्टाच्या तारखा पडत राहतील. तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. कॉलेजला सांगा की प्रत्येक नोटीस ग्रुपसोबत वेबसाइटवर आणि बोर्डवरही लावा. स्टुडंट कौन्सिलच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटांत मंजूर होईल असा हा ठराव आहे. ॲप काढणाऱ्या त्या मुलीला इंटर्नलची तारीख कळली, तर निदान आपल्या कॅम्पसमध्ये तरी 'नाही' म्हणता येईल.