अनुदानाचा अर्ज

शाळेंतून निवृत्त झाल्यावर अहिल्यानगर जिल्ह्यांतील (आमच्या तोंडीं अजून नगरच!) लहानसहान संस्थांस अनुदानाचे अर्ज लिहून देण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला. घरच्या मंडळींस ही भिक्षुकीच वाटली. परंतु जामखेडास १९७० सालीं आरोळे दांपत्यानें आरंभिलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प घ्या, किंवा नगरांतील १९८९ चें स्नेहालय घ्या. असल्या कार्यांस पैसा लागतो, आणि तो मागावा लागतो.

२०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्याकडे खर्चावे लागतात. त्यांतील निधी घेऊं इच्छिणाऱ्या संस्थेस एप्रिल २०२१ पासून आधीं सरकारदरबारीं नोंद करावी लागते. नोंदणीपत्र व तपासलेले हिशेब नसतील तर अर्ज कितीही सुरस असो, व्यर्थ होय.

मोबदला आम्ही आधींच ठरवितों. मिळणाऱ्या रकमेवर टक्का घेत नाहीं. मुलांच्या जेवणासाठीं आलेल्या पैशांत लेखकानें वांटा मागावा, हें आम्हांस शिष्टसंमत वाटत नाहीं. शिवाय टक्क्याची गोडी लागली कीं आकडे फुगूं लागतात.

गेल्या वर्षीं एका वसतिगृहाच्या चालकांनीं पटावरील चाळीस मुलांच्या ठिकाणीं सत्तर लिहावीं असें सुचविलें. आम्हीं चाळीसच लिहिलीं. त्यांनीं कागद परत नेले; निम्मी दक्षिणा अद्यापि येणें आहे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण अजून शाळेंतच आहांत!" असूं. तेव्हांपासून हजेरीपट स्वतः पाहिल्याखेरीज आम्ही लेखणी उचलीत नाहीं.